उन्हाळी फुलं बियांपासून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

संक्रांत झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. शेवंती मागे पडते आणि झिनिया, ऑफिस टाइम (पोर्टुलाका), पिवळा कॉसमॉस, गलांडा यांची विचारणा सुरू होते. यंदाच्या पत्रांत तक्रारी निरनिराळ्या असल्या तरी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : एप्रिलचं ऊन सुरू होईपर्यंत झाडाच्या मुळ्या कुंडीच्या तळाशी पोचलेल्या नसतात. म्हणून पेरणीबद्दलच्या पहिल्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

दरवर्षी होळी झाली की झिनिया आणि गलांड्याच्या बिया पेरते. छान उगवतात, बोटभर होतात आणि एप्रिलमध्ये जळून जातात. दिवसातून दोनदा पाणी घालूनही असं का होतं? (कोथरूड)

पाणी कमी पडत नाही, पेरणी उशिरा होते. होळीनंतर पेरलेलं रोप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जेमतेम तीन-चार आठवड्यांचं असतं. त्याच्या मुळ्या वरच्या दोन-तीन इंचांतच असतात आणि कुंडीतला नेमका तोच थर सगळ्यात आधी तापतो आणि सुकतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८ ते ४० अंश तापमान असतं आणि हवा कोरडी असते. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं या आखूड मुळ्या ओढू शकत नाहीत. सकाळी घातलेलं पाणी खाली तळाशी असतं, पण रोप तिथवर पोचलेलंच नसतं.

तेच बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलं तर एप्रिल लागेपर्यंत झाडाला जवळजवळ दोन महिने मिळतात. दहा इंची कुंडी तेवढ्या काळात मुळ्यांनी भरते.

मग जानेवारीतच सगळं का पेरू नये? तिथे दुसरी अडचण आहे. जानेवारीत पुण्यातल्या रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात. झिनिया, कोंबडा, ऑफिस टाइम यांना उगवताना मातीत २२ ते २७ अंश ऊब लागते. थंड, ओल्या मातीत त्यांचं बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं. म्हणून क्रम असा ठेवा. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात गलांडा आणि गोम्फ्रेना, कारण ही दोन्ही सावकाश वाढतात. गलांड्याला पेरणीपासून फुलापर्यंत अडीच ते तीन महिने लागतात. १ ते १५ फेब्रुवारीत झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, कोंबडा आणि कोचिया. फेब्रुवारीचा शेवट ते १० मार्चपर्यंत ऑफिस टाइम आणि बुटकं सूर्यफूल. ऑफिस टाइमला ऊनच हवं असतं आणि सूर्यफूल थेट मोठ्या कुंडीत पेरलं की मूळ सरळ खाली घालतं, त्यामुळे ही दोन उशिरा चालतात.

गोम्फ्रेनाचं बी कापसासारख्या लवीत गुंडाळलेलं असतं. ते रात्रभर पाण्यात भिजवून मग पेरा, नाहीतर उगवण तुटक होते. जानेवारीत पेरलेले ट्रे रात्री घरात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवा. मात्र पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे उजेडात यायला हवा. दोन दिवस जरी अंधारात राहिला तरी रोपं लांबुडकी होतात आणि ती पुढे कधीच नीट सावरत नाहीत.

या वर्षी होळी उलटून गेली असेल तर झिनियाच्या बियांचा नाद सोडा आणि तयार रोपं आणा. एम्प्रेस गार्डनच्या रोपवाटिकेत, सिंहगड रस्त्यावर, सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूला ती मिळतात. घेताना फुललेलं रोप घेऊ नका. कळी नुकती दिसणारं, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावणारं रोप निवडा. मुळ्या तपकिरी होऊन पिशवीत गोल गुंडाळल्या असतील तर ते रोप पिशवीत जास्त दिवस राहिलेलं आहे.

बी उत्तम उगवतं. आठवड्याभरात मात्र रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. एका कोपऱ्यातून सुरुवात होते आणि दोन दिवसांत अर्धा ट्रे जातो. (धनकवडी)

याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशींमुळे हे होतं. आडवं पडलेलं रोप उचलून पाहा : पानं अजून हिरवी असतात, पण मातीलगतची मान दोऱ्याइतकी बारीक आणि तपकिरी, पाणचट झालेली असते. ते रोप वाचत नाही. उरलेला ट्रे मात्र वाचवता येतो.

बुरशी सगळीकडेच असते, तिला संधी मिळते ती चार गोष्टींमुळे : दाट पेरणी, सतत ओला पृष्ठभाग, कोंडलेली हवा आणि मिश्रणात न कुजलेलं शेणखत. यातलं शेवटचं कारण आपल्याकडे फार आढळतं. घरी कुंड्या भरायचं जे मिश्रण असतं तेच लोक बियांसाठी वापरतात. बियांना सुरुवातीला खत लागतच नाही. पहिले आठ-दहा दिवस रोप स्वतःच्या बीजपत्रांवर, म्हणजे बियातूनच आलेल्या पहिल्या दोन पानांवर, जगतं.

बियांसाठी मिश्रण असं करा : धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग, जाडसर वाळू किंवा परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) एक भाग. कोकोपीट धुणं टाळू नका, कारण त्यात क्षार असतात. ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. ती जुन्या सुती कापडात घालून पिळा, पुन्हा पाण्यात टाका, पुन्हा पिळा. पहिलं पाणी गडद तपकिरी निघतं. ते फिकं होईपर्यंत, निदान दोन-तीनदा, हे करा. मिश्रणात दर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर मिसळून, ओलसर करून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवलं तर ही उपयोगी बुरशी आधीच जागा धरते.

पेरणीला ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे सोयीचा पडतो. एका कप्प्यात झिनियाचं एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. बारीक बी असेल तर एका कप्प्यात दोन-तीन आणि उगवल्यावर सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटायला गेलात तर शेजारच्याच्या मुळ्याही हलतात. पाणी वरून झारीने न घालता ट्रे परातीत अर्धा इंच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मिश्रण वरून काळपट दिसू लागलं की काढून निथळा. पुन्हा पाणी केव्हा? पृष्ठभागाचा रंग फिकट झाल्यावर, आणि ते सकाळीच द्या. संध्याकाळी पाणी दिलं तर रात्रभर ओल राहते, बुरशीला तेच हवं असतं.

हवा खेळती असण्याचं महत्त्व झिनियाने अवकाशातही दाखवून दिलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जानेवारी २०१६ मध्ये झिनिया फुलली, पण त्याआधी डिसेंबरमध्ये दमट, कोंदट हवेमुळे तिच्या काही पानांवर बुरशी आली होती. पंख्याचा वेग वाढवून आणि बाधित भाग काढून उरलेली झाडं वाचवली गेली. घरात ट्रे असेल तर छताचा पंखा मंद गतीवर दिवसातून दोन-तीन तास पुरे.

लागण सुरू झालीच तर बाधित कप्प्यांसकट आजूबाजूचे दोन कप्पे मिश्रणासह काढून टाका. बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून मुळांशी द्या आणि दोन दिवस पाणी थांबवा. हे औषध दिलं तर पुढचे पंधरा दिवस ट्रायकोडर्मा वापरू नका. काढलेलं मिश्रण दुसऱ्या कुंडीत टाकू नका आणि ट्रे साबणाने धुऊन दिवसभर उन्हात वाळवा.

ऑफिस टाइमच्या बियांचं पाकीट आणलं. पेरून पाऊण इंच माती टाकली. काहीच उगवलं नाही. एका कुंडीत उगवलं, पण ती घोळ निघाली. पाकिटात घोळीचंच बी होतं का? (हडपसर)

पाकिटावर संशय घ्यायचं कारण नाही. ऑफिस टाइमच्या बियांवर माती टाकायचीच नसते. हे बी इतकं बारीक आहे की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बसतात. त्याला उगवायला उजेड लागतो आणि पाऊण इंच माती फोडून वर येण्याइतका साठा त्याच्यात नसतो. घोळ मात्र तुमच्या मातीत किंवा शेणखतात आधीपासून होती. दोघी एकाच कुळातल्या, अगदी एकाच प्रजातीतल्या (पोर्टुलाका) आहेत, त्यामुळे पहिली दोन पानं सारखीच दिसतात.

ओळख पुढच्या पानांवरून पटते. घोळीचं पान चपटं, टोकाला रुंद आणि गुळगुळीत असतं. ऑफिस टाइमचं पान सुईसारखं गोल, गुबगुबीत असतं आणि पान जिथे खोडाला लागतं त्या बेचक्यात पांढरी लव दिसते. भिंगातून पाहिलंत तर चौथ्या-पाचव्या पानालाच फरक कळतो. तोपर्यंत काही उपटू नका. घोळ निघाली तर भाजी करा, पण तिला कुंडीत बी धरू देऊ नका.

आता पेरणी. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, म्हणजे ते एकसारखं पडतं आणि कुठे पडलं ते दिसतंही. मिश्रण आधी पूर्ण ओलं करून सपाट करा, वाळू भुरभुरा, वरून तळहाताने हलकं दाबा. मातीचा एक कणही नको. पारदर्शक प्लास्टिक किंवा काच झाका आणि थेट उन्हात न ठेवता भरपूर उजेडात ठेवा. काचेखाली ऊन आलं की बी शिजतं. आठ-दहा दिवसांत हिरवट-तांबूस ठिपके दिसतील, तेव्हा झाकण काढा. पंधरा दिवसांनी रोपं चिमट्याने गुच्छाने उचलून लावली तरी चालतात, एकेक सुटं करायची गरज नाही. आठ इंची कुंडीत पाच गुच्छ.

मुंग्यांकडे लक्ष द्या. त्या हे बी एका रात्रीत वाहून नेतात. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली की प्रश्न मिटतो.

आणखी एक. दुहेरी पाकळ्यांच्या पाकिटातूनही काही झाडं एकेरी फुलांची निघतातच. आवडलेल्या दुहेरी रंगाची फांदी तोडून ओलसर वाळूत खोचा, आठवड्यात मुळ्या धरते.

पिवळा कॉसमॉस चार फूट वाढला. नुसता पाला, फूल नाही. दर आठवड्याला शेणस्लरी देतो. (औंध)

स्लरी बंद करा. कॉसमॉसला नत्र जास्त झालं की तो पाल्यावरच राहतो. हलक्या जमिनीत, कमी खतात तो लवकर फुलतो. शेंडे एक तृतीयांश खुडा, पाणी थोडं कमी करा, तीन-चार आठवड्यांत कळ्या येतील. पुढच्या वेळी कुंडी भरताना जे शेणखत घालाल तेवढंच. झाडांना कामट्यांचा आधार आताच द्या, कारण वळवाच्या पहिल्याच पावसात उंच कॉसमॉस आडवा होतो. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा, बारीक चिरलेल्या पानांचा कॉसमॉस वेगळा. त्याला लहान दिवस मानवतात, तो पावसाळ्यानंतर पेरा.

झिनियाच्या सुंदर दुहेरी फुलांचं बी जपून ठेवलं. पेरल्यावर निम्म्याहून जास्त उगवलंच नाही, जे उगवलं त्यात बरीच फुलं एकेरी. बी कसं धरायचं? (सहकारनगर)

दोन वेगळे प्रश्न आहेत. उगवण कमी होण्याचं कारण पोकळ बी. झिनियाचं एक सुकलेलं बोंड हातात घ्या आणि बाहेरची वाळकी पाकळी हळूच ओढा. तिच्या तळाशी बाणाच्या टोकासारखं चपटं, करडं बी चिकटलेलं असतं. ते नखाने दाबा. भरलेलं बी टणक लागतं, वाकवल्यावर मोडतं आणि आत पांढरट गर दिसतो. पोकळ बी कागदासारखं दुमडतं. बोंडातला निम्मा ऐवज नुसता भुसा असणं अगदी नेहमीचं आहे. परागीभवन झालं नाही, किंवा फूल अर्धं सुकलेलं असतानाच तोडलं, की असं होतं. दुहेरी फुलांत परागकण असलेली मधली पिवळी नळीफुलं कमी असतात, म्हणून तिथे पोकळ बी जास्त.

बोंड झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्या. फुलाच्या खालची दांडी चार इंच वाळली की कापा. वळवाचा पाऊस त्यावर पडायच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर बोंडाच्या आत बुरशी धरते आणि काही वेळा बी तिथेच मोडावतं. सावलीत आठ दिवस कागदावर वाळवा, भरलेलं बी निवडा, कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. असं बी तीन-चार वर्षं चांगलं उगवतं. झेंडूचं बी मात्र दोन वर्षांनंतर भरवशाचं नाही.

जुनं बी पेरण्याआधी तपासा. दहा बिया ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. झिनियाला पाच-सहा दिवस पुरतात. सात-आठ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, चार-पाच उगवल्या तर दुप्पट पेरा, त्याहून कमी असतील तर नवं पाकीट आणा.

एकेरी फुलांचं कारण संकर. झिनियात मधमाश्या आणि फुलपाखरं एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे शेजारी एकेरी झाड असेल तर पुढच्या पिढीत एकेरी फुलं येणारच. एफ-१ संकरित पाकिटाचं (दोन निवडक वाणांच्या संकराची पहिली पिढी) बी धरण्यात अर्थ नाही, त्यातून मूळ वाणांच्या गुणांची सरमिसळ निघते. साध्या वाणाचं बी धरायचं असेल तर पहिलं फूल उमलताच एकेरी झाडं उपटून टाका आणि उरलेल्या सर्वोत्तम पाच-सहा झाडांचंच बी घ्या. ताण पडला तरी फूल एकेरी किंवा अर्धवट भरतं. पाण्याची ओढ बसलेल्या झाडावरचं पहिलं फूल पाहून निर्णय घेऊ नका.

याच पत्रात पानांवरच्या पांढऱ्या भुकटीबद्दलही विचारलं आहे. ती भुरी. दाट लावलेल्या, सकाळचं ऊन न मिळणाऱ्या झाडांवर ती आधी येते. उंच वाणांत एक फूट, बुटक्यांत आठ-नऊ इंच अंतर ठेवा आणि खालची दोन-तीन पानं काढा. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, उन्हाच्या वेळी, आठवड्यातून एकदा फवारणं सुरुवातीच्या लागणीवर उपयोगी पडतं. भुरी दरवर्षीच येत असेल तर प्रोफ्यूजनसारखे बुटके संकरित वाण घ्या, ते या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

कोंबड्याची रोपं ट्रेमध्येच फुलायला लागली. कुंडीत लावली तरी तुरा रुपयाएवढाच राहिला. (वानवडी)

रोपं ट्रेमध्ये जास्त दिवस राहिली. कोंबड्याच्या मुळ्यांना जागा संपल्याची जाणीव झाली की झाड वाढ थांबवून फुलावर येतं आणि मग कितीही मोठ्या कुंडीत हलवलं तरी तुरा मोठा होत नाही. खरी चार पानं झाली की, म्हणजे पेरणीपासून तीन आठवड्यांच्या आसपास, लावून टाका. ट्रेमध्ये एकदाही सुकू देऊ नका, कारण एका दुपारच्या तहानेनेही हेच होतं. मोठा एकच तुरा हवा असेल तर शेंडा खुडू नका आणि बगलफुटी काढा. पिसांसारख्या तुऱ्याच्या जातीत शेंडा खुडला तर अनेक तुरे येतात.

झेंडूची पानं मार्चअखेर करडी-पिवळट पडतात, मागे बारीक जाळं दिसतं. औषध मारलं तरी परत येतं. (सिंहगड रस्ता)

लाल कोळी. खात्री करायला पान पांढऱ्या कागदावर आपटा : टाचणीच्या टोकापेक्षा लहान ठिपके हळूहळू चालताना दिसतील. बोटाने पुसलं तर तांबूस रेघ उमटते.

कोळी हा कीटक नाही, म्हणून साधं कीटकनाशक त्याला लागत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. उष्ण, कोरड्या हवेत त्याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते, त्यामुळे एकच फवारणी कधीच पुरत नाही. सगळ्यात खात्रीचा उपाय पाणी आहे. सकाळी नळीला बोट लावून जोरदार धार पानांच्या मागच्या बाजूने मारा, एक दिवसाआड, पाच वेळा. त्यानंतर कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि सौम्य द्रव साबण १ मिली एक लिटर कोमट पाण्यात घोटून संध्याकाळी पानांच्या मागे फवारा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा आणि आणखी एकदा. आधी एका झाडावर मारून दोन दिवस पाहा.

पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावर चालतं, पण दुपारचं तापमान ३२ अंशांच्या वर असताना त्याने पानं भाजतात. पुण्यात मार्चपासून पुढे ते वापरू नये, आणि तेलाच्या फवारणीनंतर तीन आठवडे तर अजिबात नाही. फार पोखरलेली झाडं उपटून पिशवीत बंद करून टाका. कंपोस्टमध्ये नको.

सातव्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी. झिनिया रोज दुपारी माना टाकते. शिवाय मेमध्ये दहा दिवस गावाला जायचं आहे. (बाणेर)

दुपारी तीनला माना टाकून संध्याकाळी सहाला ताठ होत असेल तर काळजी नको, मोठी पानं इतक्या उन्हात तसं करतातच. सकाळीसुद्धा मलूल दिसली तर मात्र मुळांशी गडबड आहे. बोट दोन इंच खुपसून पाहा. ओलं लागलं आणि झाड मलूल असेल तर पाणी जास्त होतंय, मुळ्या कुजताहेत. दुपारी मान टाकलेली पाहून रोज तांब्याभर पाणी घालण्याने हेच होतं.

सकाळी आठच्या आत, तळातून निथळेपर्यंत एकदाच भरपूर पाणी द्या. मेमध्ये आठ इंची कुंडीला संध्याकाळीही लागेल. पाणी कडेने सरळ खाली निघून जात असेल तर कोकोपीट पूर्ण वाळून पाणी धरेनासं झालंय. कुंडी बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवा. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू हात लावून बघा, चटका बसेल. तिला गोणपाट गुंडाळा किंवा ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत कोकोपीट भरा. वर दोन इंच पाचट किंवा वाळका पाला पसरा, पण खोडापासून बोटभर दूर.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं जळतात. पंधरा दिवसांतून एकदा नळाच्या पाण्याने दुप्पट निथळ काढा.

गावाला जाण्याआधी : फुलं आणि कळ्या काढा, झाड एक तृतीयांश छाटा, सगळ्या कुंड्या गॅलरीतून आत, उजेड असलेल्या पण ऊन नसलेल्या जागी एकमेकींना चिकटून ठेवा. त्यांच्यापेक्षा थोड्या उंचावर बादली, तिच्या तळापासून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरी, चार इंच मातीत पुरलेली. सावलीतली आठ इंची कुंडी रोज साधारण अर्धा लिटर पाणी पिते, म्हणजे २० लिटरची बादली दहा दिवसांत चारच कुंड्यांना पुरते. निघण्याआधी दोन दिवस ही व्यवस्था चालवून बघा. दोरी जाड-बारीक असल्याने खूप फरक पडतो. परत आल्यावर कुंड्या एकदम पश्चिमेच्या उन्हात नेऊ नका, चार-पाच दिवस सकाळचं ऊन द्या.

पिटुनिया एप्रिलमध्ये सुकते. वाचवता येईल का? (पाषाण)

नाही. ती हिवाळी आहे, तिचा हंगाम संपला. त्या कुंडीतली वरची चार इंच माती बदला, मूठभर निंबोळी पेंड घाला आणि ऑफिस टाइमच्या फांद्या लावा.

गुढीपाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा. केव्हा पेरायचा? (विश्रांतवाडी)

पाडवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो, म्हणून महिना न धरता दिवस मागे मोजा. मोठ्या फुलांच्या झेंडूला पेरणीपासून तोरणाजोगी फुलं यायला ८५ ते ९० दिवस लागतात : रोप तयार व्हायला चार आठवडे, पुढे साधारण दोन महिने. थंडीत वाढ मंदावते म्हणून आणखी आठवडा जोडा. लवकर पाडवा असेल तर डिसेंबरच्या मध्याला बी मातीत पडलं पाहिजे. बुटक्या मखमलीला ६० ते ६५ दिवस पुरतात.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी शेंडा खुडा. दोनच पानांच्या जोड्या असताना खुडलं तर झाड खुरटतं, पाच-सहा जोड्या होऊ द्या. एका हाताच्या तोरणाला सुमारे पन्नास-साठ मोठी फुलं लागतात, तेव्हा कुंड्यांत लावत असाल तर दहा-बारा झाडं तरी धरा.

जूनमध्ये उन्हाळी झाडं ठेवायची की उपटायची? (कर्वेनगर)

ऑफिस टाइम आणि सदाफुली ठेवा, फक्त कुंडी गच्चीच्या उघड्या पाण्यातून हलवून निथळेल अशा जागी न्या. कोचिया पहिल्या आठवड्याच्या पाणथळीतच मरतो. झिनियाच्या पानांवर पाऊस लागताच तपकिरी डाग पडू लागतात, तिला वाचवण्यात श्रम घालवू नका. गलांडा आणि पिवळा कॉसमॉस अर्धे छाटले तर पावसाच्या उघडिपीत पुन्हा फुलतात.

रिकाम्या झालेल्या कुंड्यांतली माती ताडपत्रीवर पसरा, जुन्या मुळ्या वेचा, दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवा. हे काम मृगाच्या आधीच उरकलं पाहिजे, नंतर ऊन मिळत नाही. मग मातीच्या तीन भागांना एक भाग कुजलेलं शेणखत घालून तेरडा पेरा. त्याचं बी पाच-सात दिवसांत उगवतं आणि दोन महिन्यांत फुलतं, तेव्हा गौरी-गणपतीच्या तारखेपासून सव्वादोन महिने मागे मोजा. बी अर्धा सेंटिमीटर खोल, दहा इंची कुंडीत दोनच झाडं, आणि गोगलगायींसाठी रात्री टॉर्च घेऊन एक फेरी.